वाचकांचे प्रश्न : नोकरी सोडून समाजासाठी उद्योग उभारावा का?

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच विषयाभोवती फिरणारी होती. समाजाच्या उपयोगी पडेल असा उद्योग उभारण्याची इच्छा आहे, पण सुरुवात कोठून करावी हे कळत नाही, असा त्यांचा एकूण सूर होता. त्यांतील चार पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पत्रे संक्षिप्त केली आहेत आणि लिहिणाऱ्यांची नावे दिलेली नाहीत. समाजातील एखादी अडचण दूर करणे हा ज्या उद्योगाचा मूळ हेतू आहे आणि ज्याचा खर्च मुख्यतः स्वतःच्या विक्रीतून निघतो, तो सामाजिक उद्योग, एवढा साधा अर्थ मी या उत्तरांत धरला आहे.

प्रश्न : मी २९ वर्षांची असून नागपुरात मानेवाड्याला राहते आणि मिहानमधील एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करते. वाठोड्याकडील एका वस्तीत दोन वर्षांपासून दर रविवारी मुलांना शिकवायला जाते. तेथील आठ बायकांना घेऊन कापडी पिशव्या शिवण्याचे केंद्र सुरू करावे, पिशवी ३५ रुपयांना विकावी आणि नफा त्यांच्यातच वाटून द्यावा, असा माझा विचार आहे. त्यातून प्लॅस्टिकलाही पर्याय मिळेल. माझ्याजवळ चार लाख रुपये शिल्लक आहेत. आईबाबांचा विरोध आहे. नोकरी सोडू का?

उत्तर : आत्ता सोडू नका. तुमची तळमळ खरी आहे, दोन वर्षे दर रविवारी वस्तीत जाणाऱ्या माणसाला ती सिद्ध करावी लागत नाही. परंतु तुमच्या पत्रात पिशवीची विक्रीची किंमत आहे आणि ती तयार करायला किती खर्च येतो याचा एकही आकडा नाही. तो हिशेब आधी मांडू.

एका पिशवीला लागणारे मांजरपाट २२ रुपयांचे धरा, दोरा आणि बंद ३ रुपयांचे. कापणे, इस्त्री करणे आणि घडी घालणे यांचे ४ रुपये. सराव झाल्यावर एक बाई तासाला चार पिशव्या शिवते आणि तिला तासाचे ६० रुपये मिळावेत असे धरले, तर शिलाईचे १५ रुपये होतात. खोलीचे भाडे, वीज, सुया, तेल आणि मशीनची दुरुस्ती मिळून ६ रुपये, ने-आण २ रुपये आणि बिघडलेल्या मालापोटी २ रुपये. बेरीज ५४ रुपये होते. हे आकडे उदाहरणादाखल घेतलेले आहेत. गांधीबागेतील ठोक कापडाच्या दुकानांत एक दुपार घालवून तुम्ही तुमचे आकडे त्यांच्या जागी भरावेत. पण पिशवी ३५ रुपयांना विकली तर या हिशेबाने प्रत्येक पिशवीमागे १९ रुपये तुमच्या खिशातून जातील. महिन्याला हजार पिशव्या विकल्या गेल्या, तर महिन्याचा तोटा १९,००० रुपये होईल आणि पावणेदोन वर्षांत तुमचे चार लाख संपतील. त्यात तुमच्या स्वतःच्या पगाराचा एक रुपयाही धरलेला नाही.

मला या तोट्यापेक्षा दुसऱ्या एका आकड्याची अधिक काळजी वाटते. हजार पिशव्यांची शिलाई १५,००० रुपये. ती आठ जणींत वाटली तर प्रत्येकीच्या हाती महिन्याला १,८७५ रुपये पडतात. जी बाई दोन घरची धुणीभांडी करून याहून जास्त कमावते, ती तुमच्या केंद्रात कोणत्या हिशेबाने येईल? येईल ती तुमच्यावरच्या मायेने, आणि लग्नसराई लागली किंवा पोळ्याला माहेरी जायचे असले की येणार नाही. अशा वेळी ‘या बायकांना शिस्त नाही’ असे म्हणणारे कार्यकर्ते मी पुष्कळ पाहिले आहेत. शिस्तीचा तेथे काही संबंध नसतो, तिने आपला हिशेब बरोबर केलेला असतो. प्रत्येकीला महिन्याला निदान ५,००० रुपये मिळावेत असे तुम्ही ठरवले, तर याच दराने महिन्याला अडीच हजारांहून अधिक पिशव्या विकल्या गेल्या पाहिजेत. वस्तीतील बायकांचा दिवसही लक्षात घ्या. सकाळ नळाच्या पाण्यात आणि दुसऱ्यांच्या घरच्या कामांत जाते, मोकळे तास असतात ते दुपारी बारा ते चार, आणि मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात असताना याच तासांत पत्र्याच्या छपराखाली मशीनवर बसणे अशक्य होते. म्हणून खोली घेताना आधी छप्पर पाहा, भाडे नंतर विचारा.

आता गिऱ्हाईक. महाराष्ट्रात प्लॅस्टिक पिशव्यांवरील बंदीची अधिसूचना मार्च २०१८ मध्ये निघाली आणि एकदाच वापरून फेकायच्या प्लॅस्टिकच्या काही वस्तूंवर देशभर १ जुलै २०२२ पासून बंदी आली. तरीही भाजीवाला पातळ पिशवी फुकट देतो, हे आपण रोज पाहतो. तो तुमचा गिऱ्हाईक नाही आणि त्याच्याशी किमतीत स्पर्धा करायला जाऊही नका. ज्याला पिशवीवर स्वतःचे नाव हवे आहे, ज्याला ती भेट म्हणून द्यायची आहे, ज्याचा माल जड आहे, असा गिऱ्हाईक ६५ रुपये आनंदाने देतो. धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या सुमारास दीक्षाभूमीच्या परिसरात पुस्तकांचे शेकडो स्टॉल लागतात आणि लोक पुस्तकांचे गठ्ठेच्या गठ्ठे विकत घेऊन रेल्वेने गावी परततात. त्या पुस्तकांना मजबूत, रुंद बुडाची, खांद्याला लावता येईल अशी पिशवी लागते. प्रकाशकांना जुलैमध्येच जाऊन भेटा, सप्टेंबरमध्ये गेलात तर त्यांची खरेदी झालेली असते. संक्रांतीच्या हळदीकुंकवाचे वाण हा दुसरा मोठा हंगाम, त्याची मागणी नोव्हेंबरपासून नोंदवून घ्यावी लागते.

राहिला मालकीचा प्रश्न. तो तुमच्या पत्रात एका वाक्यात उरकला आहे, म्हणून त्याविषयी थोडे सविस्तर लिहितो. काही वर्षांपूर्वी पूर्व नागपुरातील एका शिवण केंद्राच्या उभारणीत मी होतो. बाहेरून अनुदान मिळत होते, मशीन संस्थेच्या नावावर होत्या आणि बँकेतले खातेही संस्थेचेच होते. अनुदान बंद झाले त्या महिन्यात बैठक बसली. एका बाईने पासबुक हातात घेऊन प्रत्येक पान उलटून पाहिले आणि विचारले, ‘भाऊ, ह्या मशिनी आमच्या व्हय का संस्थेच्या?’ माझ्याजवळ उत्तर नव्हते. आठवड्याने टेम्पो आला आणि मशीन उचलून घेऊन गेला. ज्यांनी चार वर्षे त्या मशीनवर काम केले होते, त्या दारात उभ्या राहून पाहत होत्या. हा प्रश्न मी पहिल्या दिवशी विचारायला हवा होता, ही चूक माझी आहे आणि ती तुमच्या हातून होऊ नये असे मला मनापासून वाटते. ‘नफा वाटून देईन’ या शब्दांत देणारा हात तुमचा राहतो. पुण्यात १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली आणि पुढे तिच्यातूनच ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था निघाली. घरोघरचा कचरा गोळा करण्याचे शुल्क घरे देतात आणि संस्थेची मालकी कचरा वेचणाऱ्यांचीच आहे. तुमच्या आठ जणींना पहिल्याच वर्षी अशी संस्था काढता येणार नाही. परंतु प्रत्येकीने दर महिन्याला मजुरीतून थोडी रक्कम मशीनच्या किमतीपोटी भरायची आणि ठरावीक मुदतीत मशीन तिच्या नावावर करायची, असा कागद पहिल्याच दिवशी करता येतो.

तेव्हा नोकरी चालू ठेवून चार महिन्यांत दोनशे पिशव्या शिवून घ्या, पूर्ण मजुरी देऊन. त्या ओळखीपाळखीच्या माणसांना विकू नका, अनोळखी दुकानदारांना विका. त्यांतल्या किती जणांनी दुसऱ्यांदा मागणी नोंदवली हे मोजा. दुसरी मागणी आली, तर आईबाबांसमोर ती वही ठेवून पुन्हा बोला. आणि पुढच्या हिशेबात तुमचा स्वतःचा पगारही लिहा. फुकट राबणारा प्रमुख थकला की केंद्राला कुलूप लागते आणि त्याची किंमत आठ जणी मोजतात.

प्रश्न : आम्ही पाच मित्र काटोल आणि नरखेड भागातील लहान संत्रा बागायतदारांसाठी प्रक्रिया उद्योग सुरू करणार आहोत. बाजारात भाव न मिळणाऱ्या बारीक फळांचा रस काढून विकायचा बेत आहे. ट्रस्ट काढावा, कलम ८ ची कंपनी काढावी की साधी प्रायव्हेट लिमिटेड? सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामांवर खर्च करायचा, निधी मिळावा अशी इच्छा आहे.

उत्तर : नोंदणीचा प्रश्न थोडक्यात संपवतो, कारण त्याहून अवघड प्रश्न पुढे आहे. सार्वजनिक न्यासाची नोंदणी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली धर्मादाय कार्यालयात होते. न्यास शिक्षण, आरोग्य, सेवा यांसाठी योग्य असतो, पण ज्यात खरेदी-विक्री हेच मुख्य काम आहे त्यासाठी नव्हे, कारण सर्वसाधारण लोकोपयोगी हेतूच्या संस्थेला व्यापारी स्वरूपाच्या उत्पन्नावर प्राप्तिकर कायद्याने एकूण प्राप्तीच्या २० टक्क्यांची मर्यादा घातली आहे. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम ८ खालील कंपनीला व्यवसाय करता येतो, परंतु नफा भागधारकांना वाटता येत नाही. शेतकऱ्यांनाच मालक करायचे असेल, तर शेतकरी उत्पादक कंपनी हा सरळ मार्ग आहे. तिला किमान दहा उत्पादक सभासद लागतात आणि नफा सभासदांकडे परत जातो. तुमच्या पत्रावरून मला हाच मार्ग योग्य वाटतो, फक्त त्यात तुम्ही पाच जण मालक नसाल, नोकरीवर असाल. ते मनाला पटते का, हे आपसांत आधी स्पष्ट बोलून घ्या.

सीएसआरच्या आशेवर संस्थेचे स्वरूप ठरवू नका. ज्या कंपन्यांची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये वा त्याहून अधिक आहे, त्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी लागते. मात्र तो पैसा न्यास किंवा कलम ८ ची कंपनी अशा बाहेरच्या संस्थेमार्फत खर्च करायचा झाल्यास त्या संस्थेचा तीन वर्षांचा कामाचा अनुभव मागितला जातो. म्हणजे संस्थेचे स्वरूप कोणतेही घेतले तरी निदान पहिली तीन वर्षे तुम्हाला विक्रीवरच काढायची आहेत.

आणि अवघड प्रश्न हा आहे : नागपुरी संत्र्याचा रस काढून ठेवला की काही वेळाने कडवट होतो. फळातील लिमोनिन या घटकामुळे हे घडते. ताजा रस चाखून प्रकल्प अहवाल लिहिणाऱ्यांना ही गोष्ट उशिरा कळते. शिवाय आंबिया बहाराचे फळ साधारण ऑक्टोबर ते डिसेंबर आणि मृग बहाराचे फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास येते, उरलेले महिने यंत्रे काय करणार? नागपूरच्या अमरावती मार्गावरील केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत जाऊन या दोन प्रश्नांची उत्तरे मिळवा. ती मिळेपर्यंत कोणत्याही कार्यालयात नोंदणीचा अर्ज करण्याची घाई करू नका.

प्रश्न : मी ब्रह्मपुरीकडचा असून नागपुरात समाजकार्याच्या पदव्युत्तर वर्गात शिकतो. मला समाजात बदल घडवणारा माणूस व्हायचे आहे. पण माझ्याजवळ पैसा नाही आणि एखादी नवी कल्पनाही नाही.

उत्तर : नवी कल्पना नसणे ही तुमची उणीव नाही. २००१ मध्ये नागपुरात विजय बारसे या क्रीडा शिक्षकांनी पावसात झोपडपट्टीतील मुले मोडकी बादली लाथाडत खेळताना पाहिली आणि त्यांच्या हाती चेंडू दिला. त्यातून ‘स्लम सॉकर’ ही अशा मुलांना फुटबॉल शिकवणारी संस्था उभी राहिली. फुटबॉल जुनाच होता आणि झोपडपट्टीही जुनीच होती. बारसे सर थांबले आणि त्यांनी त्या मुलांकडे नीट पाहिले, एवढीच नवी गोष्ट होती.

तुमच्या भागापासून जवळच, गडचिरोली जिल्ह्यात, मेंढा (लेखा) हे गाव आहे. २००९ मध्ये त्या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ पासून ग्रामसभा स्वतः बांबू विकू लागली. तेथे पोहोचण्यास गावाला अनेक वर्षे लागली, आणि त्या वर्षांत देवाजी तोफा, मोहन हिराबाई हिरालाल आणि गावकरी मुख्यतः एकच काम करत होते : अभ्यास गटात बसून कायदा समजून घेणे आणि ग्रामसभेत सर्वसहमतीने निर्णय घेणे. बांबूची विक्री आणि तिचा हिशेब गावाच्या हाती आला, तो या अभ्यासाच्या बळावर. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था स्थापन केली. तरुणांसाठी ‘निर्माण’ हा उपक्रम तेथून २००६ पासून चालतो, त्याची निवड प्रक्रिया समजून घ्या. आणि या उन्हाळ्यात गावी गेलात की एकाच घराचा वर्षाचा जमाखर्च त्या घरातल्या बाईजवळ बसून लिहून काढा. धान विकून काय आले, दवाखान्यात काय गेले, कर्ज कोणाचे आणि कोणत्या व्याजाने, सारे लिहा. तुमची अडचण मग कल्पनेची राहणार नाही, निवडीची होईल.

प्रश्न : मी नागपूरच्या महाल भागात राहणारी निवृत्त शिक्षिका आहे, वय ६१. आमच्या चौदा जणींचा बचत गट पाच वर्षांपासून उन्हाळ्यात कुरड्या, पापड, सरगुंडे आणि मुगवड्या करून विकतो. सामानाचा खर्च वजा करून उरलेली रक्कम आम्ही चौदा जणींत सारखी वाटतो. माल चांगला खपतो, तरी गेल्या वर्षी तीन जणी गट सोडून गेल्या. मजुरी धरा असे कोणी म्हणते, पण मग कुरड्या महाग होतील, आणि आपल्याच बहिणींशी मजुरीची भाषा बोलणे मला प्रशस्त वाटत नाही. या वयात आता काय बदलावे?

उत्तर : ताई, आपल्या गटाचे दुखणे ‘सारखी वाटतो’ या शब्दांत आहे, असे मला नम्रपणे सुचवावेसे वाटते. कुरडई कशी होते ते आपण माझ्याहून जास्त जाणता. गहू तीन दिवस भिजत घालायचा, रोज पाणी बदलायचे, वाटून चीक काढायचा, रात्रभर निवळू देऊन वरचे पाणी ओतायचे, आणि पहाटे चारला उठून तो चीक शिजवायचा. तो घट्ट होऊ लागला की घोटणारीचा हात थांबून चालत नाही, नाही तर गुठळ्या होतात. ऊन चढायच्या आत सोऱ्यातून गच्चीवर कुरड्या पाडून व्हायला हव्यात. संध्याकाळी येऊन पाकिटे भरणारीला आणि पहाटे पातेल्यात घोटणारीला सारखीच रक्कम मिळत असेल, तर सोडून गेलेल्या तिघी कोणत्या कामावर होत्या हे मी न विचारताही ओळखू शकतो.

मजुरीची भाषा परकी वाटते खरी, पण ती आपल्याच भागात फार आधी बोलली गेली आहे. १९३५ मध्ये वर्ध्याला असताना गांधीजींनी खादीचे काम पाहणाऱ्या चरखा संघापुढे आग्रह धरला की सूत कातणाऱ्या बाईला पोट भरण्याइतकी मजुरी मिळालीच पाहिजे. तेव्हाही खादी महाग होईल आणि खपणार नाही, हीच हरकत घेतली गेली. तरीही किमान मजुरी ठरवण्यात आली आणि खादीचे दर त्याप्रमाणे वाढवले गेले. त्या आधीच्या वर्षी वर्ध्यात स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे काम जे. सी. कुमारप्पा पाहत होते, आणि ते मुळात हिशेब तपासनीस होते ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. लिज्जतचे उदाहरण तर आपल्या धंद्यातलेच आहे. १९५९ मध्ये गिरगावातील सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली आणि कोणाकडूनही देणगी घ्यायची नाही असे ठरवले. आजही तेथे भगिनी भिजवलेले पीठ घरी नेतात, लाटलेले पापड आणून देतात आणि लाटणीचे पैसे वजनावर घेतात. नफा-तोटा त्यानंतर सर्व भगिनींचा. आधी केलेल्या कामाचा दाम, मग मालकीचा वाटा, हा क्रम आपल्या गटालाही लागू पडेल.

किमतीची भीती थोडी बाजूला ठेवा. घरी केलेली कुरडई आता शहरात फारच थोड्या घरांत होते. आपली पाकिटे ज्यांच्याकडे पुण्या-मुंबईला आणि परदेशात जातात, ती माणसे किलोमागे काही रुपये वाढले म्हणून पाठ फिरवणार नाहीत, मात्र कुरडई तळल्यावर फुलली नाही तर नक्की फिरवतील. आणि वयाचे म्हणाल, तर मदुराईचे डॉ. जी. वेंकटस्वामी १९७६ मध्ये ५८ व्या वर्षी सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावरच त्यांनी भाड्याच्या घरात ११ खाटांचे अरविंद नेत्र रुग्णालय सुरू केले. पैसे देऊ शकणाऱ्या रुग्णांच्या शुल्कातून गरिबांच्या शस्त्रक्रिया तेथे होतात. शिक्षिका म्हणून आपण इतकी वर्षे हजेरीपट ठेवला आहे, गटाला आज त्याच कामाची गरज आहे.

या वर्षी होळीनंतर उन्हाळी कामाची पहिली बैठक घ्याल, तेव्हा एक वही आणा. तारीख, नाव, काम आणि तास असे चार रकाने आखा. चीक शिजवणे आणि घोटणे यांचा ताशी दर पाकिटे भरण्यापेक्षा जास्त असावा, किती जास्त ते चौदाही जणींना ठरवू द्या. दर आठवड्याला मजुरी चुकती करा आणि हंगाम संपल्यावर उरलेला नफा सारखा वाटा. सोडून गेलेल्या तिघींना त्या बैठकीचे बोलावणे आपण स्वतः घरी जाऊन द्या, आणि काम सुरू होईल त्या दिवशी पहाटे चारला पातेल्याजवळ बसणाऱ्या दोघींचे तास पहिल्या ओळीत लिहा.